सोलापूरच्या आकाशातून तारे, ग्रह आणि दीर्घिका टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आहे. मोठ्या दुर्बिणींचे फोटो पाहून पडणारे प्रश्न आधी घेतले आहेत. त्यानंतर आपल्या कॅमेऱ्याने आपल्याच आकाशाचे फोटो काढताना काय करायचं आणि कुठे फसतं, ते सांगितलं आहे. दोन्हींची मुळातली पद्धत एकच आहे. पुष्कळ वेळ प्रकाश गोळा करायचा, त्यातला गोंगाट, म्हणजे कॅमेऱ्यातून येणारा नको असलेला दाणा, वजा करायचा आणि जे मुळात आलेलंच नाही ते घालायचं नाही.

हबल आणि वेबच्या फोटोंतले रंग खरे असतात का?

रंग नंतर दिलेले असतात, पण मनाला येईल तसे नाही. अंतराळातल्या या दुर्बिणींचे कॅमेरे कृष्णधवल असतात. समोर एकेक फिल्टर लावून त्याच भागाचे वेगवेगळे फोटो घेतात आणि प्रत्येकाला एक रंग देऊन एकत्र करतात. हबलने १९९५ साली गरुड तेजोमेघातल्या, म्हणजे एम १६ मधल्या, धुळीच्या खांबांचा प्रसिद्ध फोटो घेतला. त्यात सल्फरचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजनची ती रेषा ६५६.३ नॅनोमीटरला आणि सल्फरची ६७२ च्या आसपास येते, म्हणजे दोन्ही लालच. दोन्ही लाल ठेवल्या तर कुठला वायू कुठे आहे ते कळणारच नाही. पर्जन्यमानाच्या नकाशात महाबळेश्वर गडद निळं आणि माण-सांगोला पिवळं दाखवतात, तसंच हे. जमीन काही पिवळी नसते, पण नकाशा खोटाही नसतो.

वेबचा बहुतेक प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्याला मुळीच न दिसणारा. तिथे साधारण नियम असा की सर्वांत लांब तरंगलांबीला लाल आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा रंग द्यायचा. क्रम तोच राहतो, फक्त सगळी पट्टी डोळ्याच्या टप्प्यात आणलेली असते.

वेबच्या फोटोत ताऱ्यांना आठ टोकं आणि हबलच्या फोटोत चारच, असं का?

ती ताऱ्याची टोकं नव्हेत, दुर्बिणीच्या बांधणीची खूण आहे. हबलचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांवर टांगलेला आहे, म्हणून चार किरणं. वेबचा ६.५ मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. त्याच्या कडांमुळे सहा ठळक किरणं येतात आणि दुय्यम आरशाच्या आधारदांड्यांमुळे आणखी दोन आडवी, फिकी. याचा फायदा असा की किरणं असलेला ठिपका बहुधा आपल्याच आकाशगंगेतला तारा असतो आणि किरणं नसलेला पसरट ठिपका दूरची दीर्घिका. फोटो मोठा करून मुलांना मोजायला लावा, छान अभ्यास होतो.

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर येत नाही, मग त्याचा फोटो कसा?

फोटोत दिसतं ते भोवतीच्या तप्त वायूचं कडं आणि मधली सावली. एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राचं हे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झालं, निरीक्षणं २०१७ मधली होती. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र १२ मे २०२२ रोजी आलं. जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर तरंगलांबीला एकाच वेळी निरीक्षण केलं आणि त्या नोंदी संगणकात जुळवल्या. केशरी रंग फक्त रेडिओ लहरींची तीव्रता दाखवण्यासाठी आहे.

या शोधांत आपल्याकडच्या लोकांचा वाटा किती?

मोठा आहे आणि त्यातला बराचसा आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर, पुण्यात होतो. सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह आयुका आणि आयसर पुणे या संशोधन संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केला. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा प्रकाश टिपला, त्या कामाचं नेतृत्वही आयुकाचं होतं. २०२५ मध्ये पुण्याच्याच एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांना वेबच्या नोंदींत ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका सापडली. विश्वाचं वय सुमारे १५० कोटी वर्षं असतानाची ती आहे. इतक्या लवकर इतके सुबक सर्पिल बाहू तयार झालेले असतील, असं पूर्वी धरलं जात नव्हतं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे.

सोलापूरच्या अक्षांशावरून नेमकं काय दिसतं?

शहर १७.७ अंश उत्तरेला आहे. युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांच्या मानाने हे फार दक्षिणेला आहे आणि तोच आपला फायदा. कुठलीही वस्तू दक्षिणेला जास्तीत जास्त किती वर येईल ते काढायला सोपं आहे: ९० मधून १७.७ वजा करा आणि त्यात तिची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं तिचं उत्तर-दक्षिण अंतर अंशांत, मिळवा. दक्षिण क्रांती असेल तर मिळवण्याऐवजी वजा करा.

आकाशगंगेचं केंद्र, क्रांती दक्षिण २९, आपल्याकडे ४३ अंशांवर येतं. लंडनहून ते साडेनऊ अंशांवरच राहतं. अगस्त्य साडेएकोणीस अंशांवर येतो. नरतुरंगातला ओमेगा गुच्छ जवळजवळ २५ अंशांवर येतो, म्हणजे चित्रा नक्षत्राच्या ताऱ्याच्या सरळ खाली, दक्षिणेकडे सुमारे ३६ अंश. त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा नऊ अंशांपर्यंतच येतो, त्यामुळे दक्षिण क्षितिजावर झाड, टेकडी, वस्ती नको. देवयानी दीर्घिका उत्तरेकडे ६६ अंशांवर आणि कृत्तिका जवळजवळ डोक्यावर येते. उत्तरेकडच्या एम ८१ आणि एम ८२ या जोडीला मात्र ३९ अंशांच्या वर अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि आपण ७५.९ वर, त्यामुळे आपला तारा घड्याळापेक्षा साधारण २६ मिनिटं उशिरा मध्यावर येतो. अ‍ॅपमध्ये ठिकाण सोलापूर निवडलं असेल तर हे आपोआप धरलं जातं. दुसऱ्या शहराचं पंचांग किंवा छापील नकाशा वापरत असाल तर लक्षात घ्या.

कुठल्या महिन्यात काय टिपावं?

जून ते सप्टेंबर ढगांचे. पाऊस कमी असला तरी ढग असतातच. मधेच एखादी रात्र धुतल्यासारखी स्वच्छ मिळते, तेव्हा सामान तयार हवं.

ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी सव्वासात ते पावणेनऊ आकाशगंगेचं केंद्र नैर्ऋत्येला असतं. ते मावळलं की देवयानीकडे वळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मृग, कृत्तिका, व्याधाखालचा एम ४१ हे सगळं चांगल्या उंचीवर. हवा कोरडी, रात्र मोठी, सेन्सर थंड. पण याच काळात कारखान्यांचे गळीत हंगाम चालू असतात आणि उसाचं पाचट जाळलं जातं. थंडीत धूर वर न जाता जमिनीलगत थर धरून बसतो, म्हणून क्षितिजाजवळचे तारे लालसर, मळकट दिसतात. वाऱ्याच्या उलट दिशेला बसून काही होत नाही, जागाच बदलावी लागते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातून काही टिपायचा विचार सोडा.

आकाशगंगेचं केंद्र २० फेब्रुवारीच्या सुमारास पहाटे तीनला उगवतं, २० मार्चला रात्री एकच्या आसपास, २० एप्रिलला अकराला, २० मे रोजी नऊला. उगवल्यावर दीड-दोन तास थांबा, म्हणजे ते धुरकट पट्ट्याच्या वर येईल. मार्चमधल्या अमावास्येच्या आसपासची पहाट आम्हाला वर्षातली सर्वांत चांगली वाटते. मे महिन्यात केंद्र रात्रभर दिसतं, पण धूळ आणि वळवाचे ढग अर्ध्या रात्री खातात.

शहरापासून किती लांब आणि कोणत्या दिशेला जावं?

अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. वृश्चिक-धनूचा फोटो हवा असेल आणि तुम्ही तुळजापूर रस्त्याला गेलात, तर शहराचा सगळा उजेड नेमका दक्षिणेला, म्हणजे तुमच्या फोटोत. दक्षिणेचं आकाश हवं तर शहराच्या दक्षिणेला जा: मंद्रूपच्या पुढे विजयपूर रस्ता, अक्कलकोटच्या पलीकडचा भाग, किंवा भीमा-सीना संगमाजवळ हत्तरसंग कुडलचा परिसर. तिथे सोलापूरचा उजेड पाठीशी राहतो. होटगी-फताटेवाडी पट्ट्यात वीजप्रकल्प आणि कारखान्यांचे दिवे आहेत, तो ओलांडून पुढे थांबा. सप्तर्षीतल्या दीर्घिका हव्या असतील तर उलट, तुळजापूर-बार्शीच्या बाजूला. देवयानी आणि कृत्तिका इतक्या वर येतात की त्यांना कुठलीही दिशा चालते. नान्नजचं माळरान अभयारण्य आहे, रात्री तिथे शिरू नका.

जागा पुरेशी अंधारी आहे का, हे डोळ्यांनी तपासा. मोबाइल बंद करून २० मिनिटं थांबा. शर्मिष्ठेच्या दोन कोनांपैकी जास्त टोकदार कोन ज्या दिशेला बाण करतो, तिकडे देवयानीचा पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसला आणि हंसातून जाणारा आकाशगंगेचा पट्टा मधोमध फाटलेला दिसला, तर जागा चांगली. नाहीच दिसला तर आणखी दहा-पंधरा किलोमीटर.

शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रात्री तीन पायांचा स्टँड मांडून बसलेली माणसं पाहून गाव जागं होणं साहजिक आहे. शेतीची वीज रात्रपाळीला असेल तर विहिरीवरचा एलईडी दिवा केव्हाही लागतो, तेही विचारून घ्या. घोणस आणि फुरसं हा या भागातला खरा धोका आहे. पायात बूट हवेत, चपला नकोत, आणि खाली ठेवलेली पिशवी हात घालण्याआधी टॉर्चने बघा.

नुसत्या मोबाइलने काही येतं का?

चंद्र, नक्षत्रं आणि अंधाऱ्या जागेतून आकाशगंगाही येते. स्टँड मात्र हवाच. प्रो मोडमध्ये मुख्य लेन्स घ्या. दुसरी कुठलीही लेन्स कमी प्रकाश घेते. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १० सेकंद, फोकस हाताने अनंतावर, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, रॉ चालू, टायमर ३ सेकंद. असे ३० ते ४० फोटो एकामागोमाग घ्या. फ्लॅश बंद आहे ना, ते दोनदा बघा. शेजारच्याच्या पाच मिनिटांच्या कामावर पाणी पडतं.

डीएसएलआरवर शटर किती सेकंद ठेवायचं?

आकाश सेकंदाला १५ विकला (अंशाच्या ३६०० भागांपैकी १५) सरकतं, म्हणून स्थिर स्टँडवर मर्यादा येते. जुना नियम असा: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागा, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी ती लांबी १.५ ने गुणा. १८ मिमी किट लेन्सला १८ सेकंद येतात. हल्लीच्या बारीक पिक्सेलला हे जास्त होतं, १२ सेकंद ठेवा. ५० मिमी एफ/१.८ लेन्सला हिशेबाने साडेसहा, प्रत्यक्षात ४ ते ५. ही लेन्स एफ/१.८ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख काढते, एफ/२.८ वर आणा. ध्रुवाजवळचे तारे हळू सरकतात, तिथे जरा सैल चालतं. मृगाचा पट्टा विषुववृत्ताजवळ आहे, तिथे नियम काटेकोर पाळा.

फोकस हीच सर्वांत मोठी चूक असते. लेन्सवरची अनंताची खूण विश्वासाची नाही. लाइव्ह व्ह्यू चालू करा, व्याध किंवा दुसरा ठळक तारा दहा पट मोठा करा, रिंग दोन्ही बाजूंना थोडी फिरवून तारा सर्वांत बारीक होईल तिथे थांबा, मग चिकटपट्टी लावा. संध्याकाळच्या उन्हात तापलेली लेन्स रात्री निवते आणि फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा. स्टँडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. चालू राहिलं तर तारे वळवळतात आणि कारण शोधण्यात रात्र जाते.

एकाच जागेचे शंभर फोटो का काढायचे?

तारा प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो आणि गोंगाटाचा दाणा दर वेळी वेगळ्या जागी. सरासरी काढली की तारा टिकतो, दाणा झिजतो. गोंगाट फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो: ४ फोटोंत निम्मा, १६ त चौथाई, १०० त दहावा हिस्सा. म्हणून पहिल्या वीस फोटोंचा फायदा डोळ्यांत भरतो. पुढे प्रत्येक पायरीला दुपटी-चौपटीने फोटो लागतात. ५० मिमी लेन्सने मृगातला तेजोमेघ ५ सेकंदांचे २०० फोटो, म्हणजे सुमारे १७ मिनिटांचा प्रकाश, घेऊन छान येतो. मधेमधे चौकट सरकलेली बघत राहा, दर दहा मिनिटांनी नेम परत मधोमध आणा.

सोबत तीन प्रकारचे पूरक फोटो लागतात. ‘डार्क’ म्हणजे लेन्सवर झाकण लावून, शटर आणि आयएसओ तेच ठेवून घेतलेले २० ते ३० फोटो. सोलापूरला यांचं महत्त्व थंड गावांपेक्षा जास्त आहे. सेन्सरचा उष्णतेचा गोंगाट साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. मे महिन्यात रात्री दहाला हवा तीस अंशांच्या आसपास असते, डिसेंबरच्या पहाटे पंधराच्या. म्हणजे तोच कॅमेरा मेमध्ये पाच-सहा पट गोंगाट करतो. त्यामुळे डिसेंबरचे डार्क मेमध्ये चालत नाहीत, आणि घरी येऊन पंख्याखाली काढलेलेही चालत नाहीत. त्याच जागी, त्याच रात्री काढा. ‘फ्लॅट’ म्हणजे फोकस न हलवता, लेन्सवर पांढरं सुती कापड दुपदरी ताणून, उजाडताना एकसारख्या आकाशाचे २० फोटो. हिस्टोग्राम मधोमध ठेवा. यांनी कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग जातात. ‘बायस’ म्हणजे झाकण लावून, कॅमेऱ्याच्या सर्वांत जलद शटरवर, आयएसओ तोच ठेवून घेतलेले ३० फोटो. कॅमेऱ्याचा लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन पर्याय बंद करा, तो निम्मा वेळ खातो.

जुळवणीसाठी सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे तिन्ही फुकट आहेत. आकाशगंगेसोबत जमीन असेल तर सिक्वेटर, तेजोमेघ-दीर्घिकांसाठी सिरिल. ते शिकायला दोन संध्याकाळी लागतात, पण पार्श्वभूमीचा उजेड ते फार चांगला काढतं.

पहिली दुर्बीण कुठली घ्यावी?

पाहायला मुख्य आणि ग्रह टिपायला अधूनमधून असं असेल, तर ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. ‘५२५ पट’ असं खोक्यावर छापलेली ६० मिमीची दुर्बीण घेऊ नका. कुठल्याही दुर्बिणीची उपयोगी वाढ व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंतच, म्हणजे ६० मिमीला १२० पट. त्या दुर्बिणीचा स्टँड तर ४० पटीलाच थरथरतो, आणि मुलांचा आकाशावरचा जीव तिथेच उडतो. त्या पैशांत १०×५० ची द्विनेत्री येते, ती वर्षानुवर्षं कामी येते.

गुरू-शनीचे पट्टे आणि कडी फोटोत कशी आणायची?

फोटो नाही, व्हिडिओ घ्यायचा. गुरू मोठ्यात मोठा ५० विकलांचा दिसतो, चंद्राच्या सदतिसाव्या हिश्शाएवढा, आणि हवेच्या हलण्याने क्षणाक्षणाला विसकटतो. छोट्या ग्रह-कॅमेऱ्याने शार्पकॅप या सॉफ्टवेअरमध्ये ५ ते १० मिलिसेकंद शटरवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सेकंदाला १०० चौकटी मिळाल्या तर १२,००० होतात. ऑटोस्टॅकर्टमध्ये त्यातल्या उत्तम १० ते २० टक्के जुळवा आणि रजिस्टॅक्समध्ये धार काढा. गुरू ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, म्हणून तीन मिनिटांपुढे गेलात तर तांबडा डाग पुसट होतो. शनीला चार-पाच मिनिटं चालतात.

बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग, निवडताना पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन ५ ने गुणा, तेवढा एफ-अंक हवा. २.९ मायक्रॉनला १४.५. एफ/६ च्या दुर्बिणीला अडीच पट बार्लो लावली की १५, बरोबर बसतं. पाच पट बार्लो लावून ग्रह मोठा होतो, तपशील वाढत नाही.

गुरू साधारण तेरा महिन्यांनी, शनी वर्ष आणि दोन आठवड्यांनी, मंगळ सव्वीस महिन्यांनी प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, येतो. टिपायचे दिवस तेच. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला धारेवर आली होती, आता ती वर्षागणिक उघडत आहेत.

गच्चीवरून ग्रह उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो, दुर्बीण खराब आहे का?

बहुधा नाही, गच्ची तापलेली आहे. आपल्या स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतात. ती गरम हवा दुर्बिणीच्या समोरून वर जाते. अंगणात, मातीवर किंवा गवतावर मांडा. गच्चीशिवाय इलाज नसेल तर पहाटे तीननंतर बसा आणि शेजारच्या पत्र्यांवरून नेम जाणार नाही असं पाहा. ८ इंची आरसा खोलीतून बाहेर आणल्यावर निवायला पाऊण ते एक तास द्या. हे सगळं करूनही ग्रह थरथरत असेल तर आरशांची जुळणी तपासा. ठळक तारा फोकसबाहेर नेल्यावर कडी एकाभोवती एक गोल दिसायला हवीत. एका बाजूला दाटलेली असतील तर मुख्य आरशामागचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा.

ट्रॅकर किंवा विषुववृत्तीय माउंट लावताना ध्रुव सापडत नाही.

असा माउंट आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवतो, त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त १७.७ अंशांवर आहे. हात लांब करून पसरलेली वीत म्हणजे साधारण २० अंश, त्याच्या जरा खाली. सप्तर्षी वर असताना त्याच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून, नाहीतर शर्मिष्ठेवरून ओळखा. होकायंत्र वापरत असाल तर गाडीपासून आणि लोखंडी स्टँडपासून दूर उभे राहा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, पण अचूकतेसाठी ध्रुवदर्शीतल्या (माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीतल्या) घड्याळावर त्याची त्या वेळची जागा अ‍ॅपवरून बघून लावावी लागते.

बरेच माउंट ४०-५० अंशांच्या देशांसाठी बनतात. इतकं खाली आणलं की उंचीचा बोल्ट टेकतो किंवा प्रतिभाराची दांडी स्टँडच्या पायाला अडते. घेण्याआधी खालची मर्यादा १५ अंश आहे का ते बघा, आणि दिवसाउजेडी दांडी पूर्ण फिरवून कुठे अडते ते तपासा.

काळ्या रानात आणखी एक त्रास होतो. रब्बीत ओली माती पायाखाली हळूहळू दबते, ध्रुवाची जुळणी तासाभरात बिघडते आणि दोष माउंटला लागतो. तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे वीतभर तुकडे ठेवा. उन्हाळ्यात भेगा चुकवून मांडा.

दव आणि धूळ यांचं काय करायचं?

माळावर दव कमी, पण नदीकाठी, उजनीच्या बाजूला आणि भिजवलेल्या उसाजवळ डिसेंबरात रात्री अकरापासून लेन्स धुरकटते. तारे अचानक मऊ आणि मोठे दिसू लागले तर फोकसला हात लावण्याआधी काच बघा. फोमशीटची नळी करून लेन्सच्या व्यासाच्या दीडपट पुढे काढा. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा त्याहून खात्रीचा. काच पुसू नका, ओल्या धुळीने ओरखडे पडतात.

धुळीसाठी खाली जाड सोलापुरी चादर अंथरा आणि लेन्स बदलायची झाली तर गाडीत बसून बदला. घरी परतल्यावर थंड कॅमेरा लगेच उघडू नका. पिशवीत बंद ठेवून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पौर्णिमेचा चंद्र सपाट का येतो?

ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. शुक्ल सप्तमी ते दशमी घ्या, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं उठून दिसतात. पौर्णिमेला एफ/११, आयएसओ १००, शटर १/१०० पासून सुरुवात करा. अष्टमीला १/३० च्या आसपास.

सूर्याचे डाग टिपता येतील का?

फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला, घट्ट बसवलेला असेल तरच. नेत्रिकेत बसवायचा छोटा काळा सूर्य-फिल्टर आला असेल तर तो फोडून टाका, उष्णतेने तो तडकतो आणि डोळा त्याच क्षणी जातो. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, काहीही नको. शोधक दुर्बिणीचं झाकण बंद ठेवा आणि दुर्बिणीची सावली सर्वांत लहान करून नेम धरा.

फोटो किती ‘सुधारावा’?

कर्व्ह ताणणं, पार्श्वभूमी वजा करणं, रंगांचा तोल साधणं, हे सगळं योग्य. ते पूर्ण चित्राला सारखं लागतं आणि आलेलाच प्रकाश दाखवतं. ब्रशने बाहू रंगवणं, दुसऱ्याच्या फोटोतला तेजोमेघ चिकटवणं किंवा तपशील रचणाऱ्या एआयला ग्रह देणं योग्य नाही. काही मोबाइल चंद्र ओळखून त्यावर स्वतःकडचा तपशील चढवतात. खात्री करायची असेल तर संगणकाच्या पडद्यावर चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो लावा, खोली अंधारी करा आणि लांबून टिपा. पडद्यावर नसलेली विवरं आली, तर ती तुमची नाहीत. फोटोखाली तारीख, वेळ, ठिकाण, लेन्स, एकूण प्रकाशवेळ आणि वापरलेली सॉफ्टवेअरं लिहा. जमीन आणि आकाश वेगवेगळ्या वेळी टिपलं असेल तर तेही स्पष्ट लिहा.

सोलापुरात बसून एखादा शोध लागू शकतो का?

खऱ्या संशोधनात भर नक्की घालता येते. गॅलॅक्सी झू हा उपक्रम २००७ पासून चालू आहे. त्यात दीर्घिकांची चित्रं पाहून आकार सांगायचा असतो, दुर्बीण लागत नाही. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्याच वर्षी तिथे वायूचा एक ढग दिसला, आणि तो खगोलशास्त्राला नवा निघाला.

दुसरी वाट रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची, आणि ती आपल्या कोरड्या आकाशाला फार जुळते. ययातीतला मायावती दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, २.१ प्रतीवरून ३.४ वर येतो (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), आणि उतरण-चढण मिळून दहा तासांचा खेळ असतो. सुरुवात डोळ्यांनीच करा. देवयानीतला गॅमा तारा २.१ प्रतीचा आहे, त्याच्याशी तुलना करत दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. हात बसला की मृगातल्या काक्षी या तांबड्या ताऱ्यावर या. २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता, आणि तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी कामी आल्या. नोंदी १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सच्या संकेतस्थळावर पाठवता येतात. वेळ जागतिक वेळेत लिहायची असते: घड्याळातून साडेपाच तास वजा करा आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदीला तारीख एक दिवस मागची टाका. नव्या निरीक्षकांच्या नोंदी सर्वांत जास्त याच एका चुकीने वाया जातात.